एकच वाडा कीं अनेक घरें?

शाळा सोडून गांवोगांव पांगलेले आमचे सोबती हल्लीं आम्हांस समाजमाध्यमांवरच भेटतात. कोणास नोकरी लागली, कोणाचे वडील निवर्तले, हें तेथेंच कळतें. म्हणून ती जागा कोणाच्या मालकीची, हा प्रश्न आम्हांस निव्वळ यंत्रशास्त्राचा वाटत नाहीं.

मोठें माध्यम म्हणजे एकाच धन्याचा विस्तीर्ण वाडा होय. तेथें सोयी पुष्कळ. परंतु किल्ली धन्याच्या कमरेला. आपल्या देशांत अतिशय लोकप्रिय झालेलें ऑर्कुट गूगलनें २०१४ सालीं बंद केलें आणि तेथील गोतावळा पांगला. २०२२ च्या ऑक्टोबरांत एलॉन मस्क यांनीं ट्विटर विकत घेतलें. पुढल्याच वर्षीं त्याचें नांवही बदललें. वाडा विकतांना रहिवाशांचें मत कोण विचारतो?

यावर उपाय म्हणून जर्मनींतील यूजेन रॉख्को यांनीं २०१६ सालीं ‘मॅस्टोडॉन’ सुरू केलें. येथें एक धनी नाहीं. कोठें संस्था, कोठें एखादा हौशी गृहस्थ आपापला सर्व्हर चालवितो. तथापि सामायिक नियमावलीमुळें, ई-मेलप्रमाणेंच, एका घरचा निरोप दुसऱ्या घरीं पोहोंचतो. घर न रुचल्यास आपलें लेखन वाचणारी मंडळी बरोबर घेऊन दुसरीकडे बिऱ्हाड करतां येतें.

मात्र जुनें लेखन मागेंच राहतें. चालक थकला किंवा त्याचे पैसे संपले, तर घरच बंद पडतें. खासगी निरोपही त्यास वाचतां येणें शक्य असतें. शिवाय, द्वेषमूलक लेखनाबद्दल कुप्रसिद्ध असलेल्या ‘गॅब’नें २०१९ सालीं हीच प्रणाली उचलली, तेव्हां तिला मना करणारा कोणीच नव्हता, अनेक सर्व्हरांनीं तिच्याशीं व्यवहार तोडला, एवढेंच.

तेव्हां या व्यवस्थेनें माणसें सज्जन होतात असें नव्हे. तिनें दोनच गोष्टी मिळतात : नको त्यास आपलें दार लावण्याची मुभा आणि नकोशा घरांतून बाहेर पडण्याची वाट. आमच्या मतें हा लाभ लहान नाहीं. परंतु आमचे बहुतेक सोबती अजून वाड्यांतच आहेत, म्हणून आम्हीही तेथें जातों. ओसाड अंगणांत एकट्यानें बसून काय करावें? वाडा सोडावयाचा तर दहा-वीस जणांनीं मिळून सोडावा, वर्गणी काढावी, देखरेखीची पाळी लावावी. गांवच्या विहिरीचा गाळ गांवानेंच उपसावा लागतो. तेवढी तयारी असेल, तरच विद्यार्थिमित्रांनीं व त्यांच्या पालकांनीं या नव्या घरांकडे आशेनें पाहावें.