सदाशिवगडाच्या नावातला ‘गड’

अणशीचा घाट उतरून कद्र्याला काळी नदी भेटली, की पुढे कारवारपर्यंत तिचीच संगत असते. जोयडा तालुक्यात डिग्गीजवळ उगम पावणारी ही नदी जिथे सागराला मिळते, त्या मुखाच्या उत्तर तीरावरील टेकडीवर सदाशिवगड आहे. गड म्हणजे आता ढासळलेला तट आणि चिऱ्यांच्या सांध्यांतून शिरलेली मुळे. वर पोहोचल्यावर मात्र डोळ्यांना काठ उरत नाही. पायाशी नदी, पलीकडे कारवार, समोर पश्चिम समुद्र आणि त्यात कुर्मगड व देवगड ही दोन बेटे.

नावे पाहा: सदाशिवगड, कुर्मगड, देवगड. दृष्टीच्या एका टप्प्यात तीन ‘गड’, त्यांतले दोन तर पाण्यात! आपल्यातला कोणीही सीमावासीय इथे उभा राहिला, की त्याच्या मनात पुरावा आकार घेऊ लागतो. माझ्याही मनात तो आला.

परंतु हा किल्ला अठराव्या शतकाच्या आरंभी बांधला तो सोंद्याच्या बसवलिंग नायकाने, आणि नाव दिले आपल्या पित्याचे, सदाशिवाचे. सोंदे शिरसीजवळचे, दरबार कानडी वळणाचा. चित्रदुर्गाच्या धर्तीवर त्याला ‘सदाशिवदुर्ग’ म्हणता आले असते. रूढ झाला तो ‘गड’. माझ्या मते याचे कारण राजाच्या भाषेत नसून टेकडीखालच्या वस्तीच्या भाषेत आहे. किल्ला राजा बांधतो. त्याला हाक मारतात ते भाजी, मासळी आणि चुना वर नेणारे. पोर्तुगीजांनी १७५२ मध्ये तो जिंकला व ‘पिरो’ म्हटले. ते नाव त्यांच्या कागदांत राहिले. खाली आजही लोक ‘गडार’ जातात. (हे सप्तमीचे रूप मराठीचे की कोंकणीचे, हा वाद ज्यांना हवा त्यांनी घालावा, बोलणाऱ्याला तो पडलेला नाही.)

१८८० च्या दशकात थोरले बंधू सत्येंद्रनाथ येथे न्यायाधीश असताना रवींद्रनाथ ठाकूर कारवारला राहिले होते. चांदण्या रात्री होडीतून काळी नदीवर केलेल्या सहलीची आठवण त्यांनी लिहून ठेवली आहे. त्या सहलीतला डोंगरी किल्लाही शिवाजीचाच. इथल्या जनमनाचा ओढा त्यावरून कळतो. तथापि सदाशिवगडाच्या बांधणीचे श्रेय सोंद्याच्या नायकाकडून काढून घेण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही.

समोरच्या शहराचे नाव त्याहून बोलके. कारवार हे काळीकाठच्या कडवाड गावावरून, आणि कडवाड हे ‘कडेवाडा’वरून, असे सांगतात. यातला ‘वाडा’ आपला खरा. ‘कडे’ मात्र कानडीत शेवट किंवा बाजू, मराठीत कडेला असलेले. कोणत्या शब्दकोशाने त्यावर मालकी सांगावी?

१ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगावचे सरकारी रूप ‘बेळगावी’ झाले, ते आपल्याला अजून सलते, आणि सलावेच. कारण तिथे लोकांच्या तोंडचे नाव कागदाने बदलले. पण तोच न्याय मग आपणही पाळावा. सदाशिवगड कानडीत ‘सदाशिवगड’ असाच लिहितात. हा ‘गड’ परका म्हणून कोणी खोडलेला नाही. पारसगड, वल्लभगड, गजेंद्रगड, सारे कानडी लिपीत तसेच नांदतात.

पौष पौर्णिमेला कुर्मगडावर नृसिंहाची जत्रा भरते. होड्या भरून माणसे जातात, नवस फेडतात आणि भरतीची वेळ पाहून परततात.