बोटीवर चढण्यापूर्वी

भूमध्य समुद्रात आठ दिवस बोटीने हिंडावे, ही कल्पना प्रथम माझ्या मुलाच्या डोक्यात आली. आमचे घर इंदूरला. समुद्र म्हणजे मुंबईस कुणाच्या लग्नाकार्याला गेलो तर सायंकाळी चौपाटीवरून पाहून यावयाचा, एवढाच आमचा त्याच्याशी संबंध. बोट रोमजवळच्या चिव्हितावेक्किया बंदरातून सुटणार होती. माझ्या आईला तेव्हा ८१ वे वर्ष चालू होते. तिचे गुडघे, तिचे सोवळे-ओवळे, तिचा मांसाहाराविषयीचा तिटकारा ही सारी लक्षात घेता ती नकोच म्हणेल, असे आम्ही गृहीत धरले होते. मुलाने नकाशा पसरून बंदरे दाखविली. ती बराच वेळ पाहत राहिली आणि मग तिने एकच प्रश्न विचारला, "कासिनो तिथून किती लांब?"

रोमच्या आग्नेयेला सुमारे १४० किलोमीटर, असे मुलाने सांगितले.

"मग तिथे न्याल तर येते. नाहीतर तुम्ही जा, मी घर सांभाळते."

ह्या प्रश्नामागचा इतिहास आमच्या घरात सर्वांना ठाऊक होता, पण त्याविषयी फारसे कुणी बोलत नसे. आईचे वडील सातारा जिल्ह्यातल्या एका लहानशा गावचे. ते मराठा पलटणीत भरती झाले, बेळगावला शिकले आणि १९४२ च्या अखेरीस शेवटची रजा संपवून गेले. आई १९४३ मध्ये जन्मली. वडिलांनी तिला पाहिले नाही आणि तिने वडिलांना पाहिले नाही. दुसऱ्या महायुद्धात भारताच्या तीन डिव्हिजन इटलीत लढल्या. त्यांत मराठ्यांच्याही पलटणी होत्या. १९४४ मध्ये ते बेपत्ता असल्याची तार आली. पुढे कित्येक महिन्यांनी, ते मृत समजावेत, असे कळविणारा कागद आला. त्यामुळे तिथी कोणती धरावयाची हा प्रश्न उरला. माझ्या आजीने तो स्वतःच सोडविला. ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांचे श्राद्ध सर्वपित्री अमावास्येला होते. तिने ती अमावास्या धरली आणि मरेपर्यंत पाळली. तिच्यामागे आई पाळते.

दोन वर्षांपूर्वी मुलाने राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत, संगणकावर, आजोबांचे नाव शोधून काढले. ज्यांची समाधी कोठे आहे हे माहीत नाही, अशा इटलीच्या मोहिमेतल्या ४,००० हून अधिक सैनिकांची नावे कासिनोच्या स्मारकावर कोरलेली आहेत आणि त्यांत हे एक आहे, असे निघाले. तेव्हापासून आईच्या मनात ते गाव बसले होते.

बोट सुटण्याचा दिवस होता ३ ऑक्टोबर २०२४, म्हणजे घटस्थापना. आदल्या दिवशी सर्वपित्री अमावास्या. नातेवाइकांनी ऐकले मात्र, आणि सल्ल्यांना भरती आली. पितृपंधरवड्यात कुणी प्रवासाला निघते का? त्यातून त्या अमावास्येला सूर्यग्रहण! ते ग्रहण पॅसिफिक आणि दक्षिण अमेरिकेकडचे, इटलीत दिसणार नव्हते. परंतु हे सांगून सल्ले थांबत नाहीत. आईने मात्र सर्वांना शांतपणे उत्तर दिले की, पितरांकडेच चालले आहे, त्यासाठी ह्याहून चांगला पंधरवडा कोणता?

रोममध्ये आम्ही तीन रात्री राहिलो. शहर त्या वेळी अर्धे खोदलेले होते. २०२५ चे पवित्र वर्ष जवळ आलेले, म्हणून जागोजागी कुंपणे, यंत्रे आणि धूळ. कोलोसियम सर्वांनी पाहिले तसे आम्हीही पाहिले. त्याविषयी मी नवे काय लिहिणार? पँथिऑन मात्र मनात राहिले. जवळजवळ १,९०० वर्षांपूर्वीचा तो घुमट, ४३ मीटर रुंद, लोखंडाची एक सळई नाही, आणि मध्यभागी आकाशाला उघडे असलेले वाटोळे भोक. पाऊस आला तर आत पडतो. माझ्या सात वर्षांच्या नातवाने लगेच विचारले, की मग फरशी ओली होत नाही का? होते. फरशीला किंचित उतार दिला आहे आणि पाणी वाहून जाण्यास बारीक छिद्रे ठेविली आहेत. ही छिद्रे शोधण्यात त्याची अर्धी दुपार गेली.

आईला ह्या सर्वांपेक्षा रोमचे पाणी आवडले. रस्त्याच्या कडेला कमरेइतक्या उंचीचे ओतीव लोखंडाचे खांब असतात आणि त्यांच्या वाकड्या तोटीतून रात्रंदिवस थंडगार पाणी वाहत असते. तोटीच्या आकारावरून लोक त्यांना 'नाकाड' अशा अर्थाच्या शब्दाने ओळखतात. १८७४ च्या सुमारास ते बसविण्यास आरंभ झाला आणि आज शहरात सुमारे २,५०० आहेत. तोटीचे तोंड बोटाने दाबले की वरच्या छिद्रातून कारंजे उडते आणि वाकल्यावाचून पिता येते. हॉटेलात पाण्याच्या बाटलीची किंमत ऐकून आई गप्प झाली होती. रस्त्यावर फुकट वाहणारे पाणी पाहून म्हणाली, "ह्या लोकांना धर्म कळतो." जेवणाचे मात्र हाल होते. भाताचे तळलेले गोळे पाहून तिला आनंद झाला, पण आतल्या रश्श्यात खिमा असू शकतो हे कळताच तिने ताटली दूर सारली. शेवटी टोमॅटो आणि चीज घातलेला चौकोनी पिझ्झा आणि बरोबर नेलेल्या दशम्या ह्यांवर तिचे तीन दिवस निघाले.

अमावास्येच्या दिवशी सकाळी आम्ही तेर्मिनी स्थानकावर गेलो. आईने हॉटेलजवळच्या नळावर एक लहान बाटली भरून घेतली होती. पर्समध्ये काळ्या तिळांची डबी होती, ती इंदूरहूनच आणलेली. तिकिटे काढून आम्ही गाडीत बसलो, तोच समोरच्या बाई काहीतरी बोलून फलाटाकडे बोट दाखवू लागल्या. भाषा कळेना. अखेर त्यांनी माझ्या मुलाच्या हातातली तिकिटे घेतली, त्याला दंडाला धरून खाली उतरविले आणि फलाटावरच्या यंत्रात ती एकेक घालून त्यांवर वेळेचा ठसा उमटवून दिला. साध्या गाड्यांच्या कागदी तिकिटावर असा ठसा नसेल तर ते विनातिकीटच धरतात. त्या बाई पुढे फ्रोझिनोनेला उतरल्या. उतरताना त्यांनी आईच्या गालाला हात लावला. आईने त्यांच्या हातावर वेलदोडे ठेवले.

गाडीला दोन तासांच्या आत वेळ लागतो. दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये सपाट खोरे, द्राक्षांचे मळे, ऑलिव्हची राखी हिरवी झाडे. कासिनो जवळ येते तेव्हा डोंगरमाथ्यावर एक प्रचंड पांढरी इमारत दिसू लागते आणि मग ती काही केल्या नजरेआड होत नाही. हाच मोंते कासिनोचा मठ. संत बेनेडिक्ट ह्याने इसवी सन ५२९ च्या सुमारास तो स्थापिला. १९४४ च्या जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत रोमच्या वाटेवरच्या ह्या डोंगरासाठी चार लढाया झाल्या. १५ फेब्रुवारीला दोस्तांच्या विमानांनी मठ जमीनदोस्त केला. आत आश्रयाला आलेले गावकरी मेले आणि मोडक्या भिंतींचा आडोसा उलट जर्मनांनाच मिळाला. त्या उतारांवर भारताची चौथी डिव्हिजन लढली आणि फार माणसे गमावून मागे आली. १८ मे रोजी पोलंडच्या सैनिकांनी माथा घेतला. खालचे गाव तर उरलेच नव्हते. आजचे गाव युद्धानंतरचे आणि आजचा मठही जुन्या नमुन्यावर पुन्हा बांधलेला.

स्थानकावरून टॅक्सीने दफनभूमी जवळच आहे. हिरवळीवर पांढऱ्या शिळांच्या रांगा, मध्ये पाण्याचा लांबट हौद आणि त्याच्या दोन्ही अंगांना हिरव्या संगमरवराच्या उंच शिळा. त्या शिळांवर नावे आहेत. सर्वांवर मठाची नजर. येथे ४,२०० हून अधिक सैनिक आहेत. ब्रिटिश, कॅनेडियन, न्यूझीलंडचे आणि आपले. आम्ही भारतीयांच्या भागातून चाललो होतो, एवढ्यात आई थांबली. एका शिळेवर देवनागरीत कोरले होते, 'ॐ भगवते नमः'. तीन दिवसांत तिला वाचता आलेले हे पहिले अक्षर. तिने चष्मा पुसून ते पुन्हा वाचले, मग पुढच्या शिळेवरचे, मग त्याच्या पुढच्या. मुसलमान सैनिकांच्या शिळांवर अरबी अक्षरे होती, तीही तिने हात लावून पाहिली.

मराठा पलटणीची नावे सापडण्यास वेळ लागला. त्यांत नाईक यशवंत घाडगे हे नाव आहे. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचा हा बावीस वर्षांचा जवान. १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर खोऱ्यात साथीदार पडल्यावर एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेला आणि ठाणे घेऊन तेथेच मारला गेला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २०२३ मध्ये त्याच मुलखातल्या मोंतोने गावी त्याच्या स्मरणार्थ छायायंत्र उभारण्यात आले. आम्हाला वाचून अभिमान वाटला, हे खरे. पण आईची नजर त्याच्या नावाखाली उतरत चालली होती.

आजोबांचे नाव रोमन लिपीत होते आणि त्याचे स्पेलिंग आमच्या घरी कधी कुणी केले नसते असे. नातवाने अक्षरे जुळवून ते मोठ्याने वाचले. ते इतके चमत्कारिक ऐकू आले की आईला हसू फुटले. "असं नव्हे रे," ती म्हणाली, आणि तिने ते बरोबर म्हणून दाखविले. माझ्या उभ्या आयुष्यात मी तिच्या तोंडून तिच्या वडिलांचे पूर्ण नाव प्रथमच ऐकले. नातवाने तिच्यामागून तीनदा म्हटले.

"पण ते इथं नाहीत ना?" तिने मुलाला विचारले.

"नाहीत. वर उत्तरेकडे, डोंगरात कुठेतरी. जागा कुणालाच माहीत नाही. म्हणून नाव इथं."

तिने मान हलविली. हौदाकडे पाठ करून, दक्षिणेकडे तोंड करून, तिने ओंजळीत तीळ घेतले आणि मी बाटलीतले रोमचे पाणी त्यावर सोडले. तेथील माळी दूर गुलाबांची छाटणी करीत होता. त्याने कात्री खाली ठेवली आणि आमचे होईपर्यंत तो तसाच उभा राहिला.

परतताना गाडीत मुलाने सांगितले की, यादीत मृत्यूची तारीखही आहे. ऑक्टोबरातली आहे, पंचांगावरून तिथी काढता येईल. हे इतके दिवस त्याने राखून ठेवले होते. तिला आनंद होईल अशी त्याची समजूत. आई खिडकीतून पाहत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "तिथी काढू नका. माझ्या आईने सारा जन्म जी पाळली, तीच त्यांची तिथी."

तारीख तिने विचारली नाही आणि मुलाने सांगितली नाही.

दुसऱ्या दिवशी तासाभराच्या प्रवासाने चिव्हितावेक्किया गाठले. शेवटी शेवटी रूळ समुद्राला लागूनच धावतात. बंदर सम्राट त्राजानच्या काळापासूनचे. मायकेलअँजेलोचे नाव मिरविणारा किल्ला अजून धक्क्यावर उभा आहे आणि त्याच्यापलीकडे आमची बोट, एखाद्या दहा-बारा मजली चाळीसारखी. सामानाला चिठ्ठ्या लावणे, रांगा, पारपत्रे, प्रत्येकाचे छायाचित्र, ह्यांत दुपार गेली. बोटीवर ज्योत पेटविण्यास मनाई असल्याने निरांजन पेटीतच राहिले. आईने सुपारीची देवी खोलीतल्या टेबलावर मांडली, हात जोडले आणि घटस्थापना झाली असे जाहीर केले. मग संकटसमयी कोठे जमावयाचे ह्याची कवाईत झाली, तीत तिने सर्वांआधी आपली जागा शोधली.

सायंकाळी बोट नेपल्सच्या दिशेने सुटली. सारे प्रवासी मावळता सूर्य पाहण्यासाठी उजव्या बाजूला लोटले. आई डाव्या कठड्याशी गेली. किनारा हळूहळू निळा होत होता.

"तेही बोटीनेच आले असतील ना?" तिने विचारले.

"होय आई. तेव्हा दुसरे काय होते?"

"आणि त्यांना जेवायला काय देत असतील?"

हे मला सांगता येईना. नातू खाली जेवणाची घंटा झाली म्हणून बोलवायला आला, तेव्हा ती त्याच्या हाताला धरून निघाली. जिना उतरताना त्याला तिने खापरपणजोबांचे नाव पुन्हा एकदा म्हणायला लावले. ह्या खेपेस त्याचे एकही अक्षर चुकले नाही.