जागच्या जागी सायकल

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी सकाळी सातच्या सुमारास वहिनींचा फोन आला. "भावोजी, जरा लगेच येता का? हे सायकलवरून उतरले आणि खाली बसले, ते उठतच नाहीत. घाम थांबत नाही." आमची घरे दोन गल्ल्यांच्या अंतरावर आहेत. रक्तदाबाचे यंत्र घेऊन मी तसाच धावलो. बाहेर पाऊस कोसळत होता. दादाची सायकल मात्र रस्त्यावर नव्हती. ती मागच्या खोलीत, पलंग आणि कपाट यांच्यामधल्या जागेत, मागचे चाक काढून एका यंत्रावर बसवलेली होती. दादा भिंतीला टेकून बसला होता. चेहरा पांढराफटक, रक्तदाब ८६ आणि ५४, नाडी ६०. त्याला आडवे करून पाय उशीवर ठेवले, तेव्हा पाच-सात मिनिटांत रंग परतला. तरीही थेट रुग्णालय गाठले. ईसीजी आणि रक्ततपासण्या झाल्या. हृदयविकाराचा झटका नव्हता. संध्याकाळी घरी परतल्यावर मी त्या खोलीत गेलो. टॅबलेटचा पडदा अजून उजळलेला होता आणि त्यावर इंग्रजीत लिहिलेले होते की चाचणी अपूर्ण राहिली आहे, पुन्हा प्रयत्न करा.

दादा ६८ वर्षांचा आहे. पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात होते, त्या काळातला तो माणूस. खडकीच्या कारखान्यात नोकरी होती तोवर तीस वर्षे तो सायकलनेच गेला आणि आला. अडीच वर्षांपूर्वी त्याच्या हृदयाच्या एका रक्तवाहिनीत स्टेंट बसवला. तेव्हापासून मेटोप्रोलोल, रक्तदाबाची एक गोळी आणि तिच्यासोबत लघवी वाढवणारे औषध सुरू आहे. पुढे एका खड्ड्यात सायकल आदळून मनगट दुखावले, आणि घरातील सर्वांनी मिळून त्याची रस्त्यावरची सायकल बंद केली. त्या सर्वांत मीही होतो. जर्मनीत असलेल्या पुतण्याला वडिलांची ही घुसमट दिसली. त्याने सायकल जोडण्याचे हे यंत्र, ज्याला स्मार्ट ट्रेनर म्हणतात, ते घेऊन दिले आणि एका ॲपची वर्गणीही भरली.

ते यंत्र आले त्या आठवड्यात दादा माझ्या दवाखान्यात आला होता. समोर रुग्ण बसलेला, बाहेर आठ-दहा जण खोळंबलेले. त्याने दारातूनच विचारले, "अरे, ही घरातली सायकल मला चालेल ना?" मी मान वर न करता म्हणालो, "चालेल की. व्यायाम चांगलाच."

ॲप सुरू करताना त्याला वय, वजन, उंची आणि लिंग विचारण्यात आले. औषधे कोणती, हे कोणी विचारले नाही. 'मी माझ्या डॉक्टरांचा सल्ला घेतला आहे' अशा अर्थाच्या एका ओळीपुढे मात्र खूण करायची होती. दादाने ती केली, आणि ती खोटी नव्हती. औषध लिहिताना मी मिलिग्रॅम लिहितो, वेळ लिहितो, जेवणाआधी की नंतर तेही लिहितो. सख्ख्या भावाच्या व्यायामासाठी माझ्याकडे एकच शब्द होता, तोही दुसऱ्याची चिठ्ठी लिहिताना उच्चारलेला.

त्या सकाळी नेमके काय घडले, ते मला नंतर टप्प्याटप्प्याने उलगडले. या ॲप्समध्ये व्यायामाचे आखीव आराखडे असतात. आठवड्याला किती दिवस, प्रत्येक दिवशी किती मिनिटे आणि किती जोराने, हे सर्व ठरलेले असते. जोर वॅटमध्ये मोजला जातो. तो तुमच्यासाठी किती असावा, हे ठरवण्याकरिता अनेक ॲप्स सुरुवातीलाच एक चाचणी घेतात. एका प्रकारात वीस मिनिटे शक्य तितक्या जोराने सायकल मारायची असते. दुसऱ्या प्रकारात दर मिनिटाला भार वाढत जातो आणि पाय थांबेपर्यंत चालवत राहायचे असते. हा दुसरा प्रकार आम्हा डॉक्टरांना चांगलाच परिचित आहे. पट्ट्यावर चालवून घेतल्या जाणाऱ्या ज्या स्ट्रेस टेस्टला आपण टीएमटी म्हणतो, तिचेच हे भावंड. फरक एवढाच, की टीएमटीच्या वेळी छातीला ईसीजीच्या तारा जोडलेल्या असतात, दर काही मिनिटांनी रक्तदाब पाहिला जातो, डॉक्टर शेजारी उभे असतात आणि तातडीची औषधे हाताशी असतात. दादाच्या शेजारी टेबलफॅन होता, आणि आवाज नको म्हणून तो बंद होता.

पुढचा भाग नाडीचा. छातीवरच्या पट्ट्यातून त्याचे ठोके पडद्यावर दिसत होते. २२० मधून वय वजा केले की नाडीची कमाल मर्यादा मिळते, असे एक सूत्र सर्वत्र वापरले जाते. त्यानुसार दादाची मर्यादा १५२ ठरली. हे सूत्र निरोगी माणसांच्या बाबतीतही ढोबळच आहे. एकाच वयाच्या दोन माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. मेटोप्रोलोलसारखी बीटा-ब्लॉकर औषधे तर नाडीला मुद्दाम लगाम घालतात. हृदयाला विश्रांती मिळावी म्हणूनच ती दिलेली असतात. दादा धापा टाकत होता तरी ठोके ११२ च्या वर जाईनात. ॲपच्या हिशेबात हा माणूस अजून आरामात होता. "मला वाटलं, मीच कमी पडतोय," असे तो नंतर म्हणाला.

त्यातच यंत्राची एक सोय आड आली. तिला 'अर्ग' म्हणतात. ती चालू असताना यंत्र ठरलेले वॅट कायम राखते. पाय मंदावले की पेडल आपोआप जड होते, म्हणजे दमलेल्या माणसाला दमल्याबद्दल आणखी भार मिळतो. रस्त्यावर दम लागला की आपण नकळत हळू होतो. इथे ती मुभा उरत नाही. तरुण खेळाडूला या शिस्तीचा उपयोग असेल, पण साठीपुढच्या माणसाने घरी ही सोय बंद करून ठेवावी, असे माझे ठाम मत आहे. शेवटी दादाने एकदम पाय थांबवले आणि तो खाली उतरला. जोराच्या व्यायामात पायांतल्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात. पाय चालते असेतोवर स्नायू रक्त वर ढकलत राहतात. ते अचानक थांबले की रक्त पायांतच साचते आणि रक्तदाब कोसळतो. रक्तदाबाची गोळी, लघवीचे औषध, बंद खोलीत गेलेला घाम आणि सकाळपासून पोटात केवळ अर्धा कप चहा, या साऱ्यांनी उरलेले काम केले.

त्या ॲपचे नाव मी येथे घेत नाही, कारण त्याने कोणताही नियम मोडला नव्हता. ज्याला दादाचे स्टेंट आणि गोळ्या ठाऊक होत्या, असा माणूस मी होतो.

आणि मग मी दुसरी चूक केली. यंत्राची वायर काढून घरी घेऊन आलो. तीन आठवडे दादा काहीच बोलला नाही. सकाळी उशिरा उठू लागला, संध्याकाळचे फिरणेही त्याने सोडले. पुतण्याचा फोन आला की तो वहिनींच्या हाती देई. एक दिवस वहिनी माझ्या दवाखान्यात येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "त्यांना सांभाळायचं म्हणून सगळंच काढून घेतलंत, तर मग सांभाळायचं तरी काय?" मला उत्तर सुचले नाही. त्याच संध्याकाळी वायर परत नेऊन दिली. दादाला म्हणालो, "आधी तू माझ्याबरोबर हृदयरोगतज्ज्ञांकडे चल. मग आपण दोघं बसून ठरवू." तो म्हणाला, "मागच्या वेळी विचारायलाच आलो होतो की रे."

तज्ज्ञांनी नेहमीची औषधे चालू ठेवूनच टीएमटी केली. हे महत्त्वाचे होते, कारण दादा व्यायाम करणार तो गोळ्या घेऊनच. ईसीजीत काही बिघाड दिसला नाही. पूर्ण दमल्यावर त्याची नाडी ११८ होती. १५२ हा आकडा आम्ही त्या दिवशी निकालात काढला. नाडीपेक्षा स्वतःला किती दम लागला यावर विसंबा, असे तज्ज्ञांनी सांगितले. त्यासाठी गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाची एक जुनी पट्टी आहे. ती ६ पासून २० पर्यंत जाते. ६ म्हणजे नुसते बसणे, ११ म्हणजे हलका श्रम, १३ म्हणजे काहीसा कष्टाचा, १५ म्हणजे कष्टाचा आणि २० म्हणजे आता प्राण जाईल असे वाटणे. आकडे लक्षात राहत नसतील तर सोपी खूण अशी की सायकल मारताना वाक्य पूर्ण बोलता आले पाहिजे. वाक्य मध्येच तुटू लागले तर जोर कमी करावा.

दादाला हे प्रथम पोरखेळासारखे वाटले. तेव्हा मी त्याला रोबेर मारशाँ या फ्रेंच सायकलपटूची गोष्ट सांगितली. मारशाँ यांनी वयाच्या शंभरीनंतर, २०१२ मध्ये, एका तासात सुमारे २४ किलोमीटर सायकल चालवली. दोन वर्षांनी, १०२ व्या वर्षी, तेच अंतर जवळपास २७ किलोमीटर झाले. मधल्या काळात वेरोनिक बिया या शरीरक्रियाशास्त्रज्ञ बाईंनी त्यांचा सराव आखला होता. त्यात सुमारे ऐंशी टक्के सायकल बोर्गच्या पट्टीवर १२ किंवा त्याहून कमी जोराची होती आणि वीस टक्केच १५ किंवा त्याहून अधिक. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता या काळात ३१ वरून ३५ वर गेली. मारशाँ यांचे हृदय आणि दादाचे हृदय यांची तुलना होत नाही, हे मी त्याला सांगितलेच. पण ऐंशी टक्के हलके, हे ऐकून तो विचारात पडला.

मग दोन संध्याकाळी आम्ही वेगवेगळी ॲप्स पाहत बसलो. ट्रेनररोडमध्ये मुख्यतः निळ्या आलेखांचे आराखडे आहेत. दादा म्हणाला, हे तर कारखान्याचं उत्पादन-पत्रक. रूवीमध्ये जगातल्या खऱ्या रस्त्यांची चित्रफीत समोर सरकते. ते त्याला आवडले. झ्विफ्टमध्ये काल्पनिक बेटावर इतर माणसांसोबत सायकल चालवता येते, आणि आपल्या माणसांना बोलावून सहल काढली तर ताकद कमी-जास्त असली तरी सर्वांना एकत्र ठेवण्याची सोय आहे. ती पाहताच पुतण्याला फोन गेला आणि निवड तेथेच संपली. माझे प्रश्न निराळे होते. चाचणी न देता जोराचा आकडा स्वतः भरता येतो का? व्यायाम चालू असताना एका बोटाने तो हलका करता येतो का? एक दिवस चुकला तर आराखडा दुसऱ्या दिवशी दुप्पट मागतो का? अक्षरे चष्म्याशिवाय दिसतात का? या चार प्रश्नांची उत्तरे पाहून मगच वर्गणी भरावी. बाकी चित्रे कोणती आणि संगीत कोणते, हा आवडीचा भाग.

खरे तर बहुतेक घरांत ॲपची आणि एवढ्या महागड्या यंत्राची गरजच नसते. बटण फिरवून भार बदलणारी, पाठीला टेकायला आसन असलेली व्यायामाची साधी सायकल पुष्कळ झाली. ट्रेनरवर चढवलेली सायकल उंच होते, तिच्यावर टांग टाकताना गुडघे आणि तोल दोन्ही शाबूत लागतात. ज्यांचा तोल जातो किंवा विस्मरण वाढले आहे, त्यांना तिच्यावर बसवू नये. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी उपाशीपोटी सायकल मारू नये आणि साखर तपासून बसावे. छातीत दाब, जबडा किंवा हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी, ठोक्यांची गडबड यांपैकी काहीही जाणवले तर जोर लगेच सोडावा, घरच्यांना हाक मारावी आणि डॉक्टरांना गाठावे.

दादाची चिठ्ठी मी या वेळी नीट लिहिली. आठवड्यातून चार दिवस. आधी थोडा नाश्ता आणि पाणी. पंखा चालू, दार उघडे, वहिनी घरात. दहा मिनिटे अगदी हलके, वीस मिनिटे ११ ते १२, त्यात हवे तर दोनदा दोन-दोन मिनिटे १३, आणि शेवटची दहा मिनिटे पाय नुसते फिरवत ठेवायचे, मगच उतरायचे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते, त्याच्या जवळ आपण येतो. शिवाय ६५ वर्षांपुढे तोल आणि ताकद यांचा व्यायाम आठवड्यातून तीनदा असावा, असेही ती सांगते, आणि ते सायकलने साधत नाही. सायकलवर शरीराचा भार आसनावर असतो, हाडांना तो फारसा मिळत नाही. म्हणून चिठ्ठीच्या तळाशी लिहिले: खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणे, ओट्याला धरून एका पायावर उभे राहणे, आणि रोज चालणे. चालणे सोडून बाकी दोन्ही तो टाळतो, असे वहिनी सांगतात.

आता दर रविवारी संध्याकाळी साडेपाचला मागच्या खोलीतून बोलण्याचे आवाज येतात. जर्मनीत तेव्हा दुपार असते. पुतण्या तिकडे त्याच्या सायकलवर, नात शेजारी स्टुलावर, आणि दादा इकडे. बोलत राहावे लागते, त्यामुळे दमाची परीक्षा आपोआप होते. कपाटाच्या दाराला एक वही टांगली आहे. तीत तारीख, मिनिटे, आधीचा आणि नंतरचा रक्तदाब आणि बोर्गचा आकडा तो स्वतः लिहितो. मी महिन्यातून एकदा ती पाहतो. गेल्या वेळी सर्वत्र ११ आणि १२ होते, एका रविवारी मात्र १५. मी बोट ठेवले.

"घाट होता," दादा म्हणाला. "आणि नात ओरडत होती."

"मग?"

"मग काय, वाक्य तुटायला लागलं तेव्हा हळू झालो." थोडे थांबून त्याने वही माझ्याकडे सरकवली. "लिहून ठेवलं आहे ना. तू वाच म्हणून."