गॅमॅक्सिन खाणारे!

परवा रात्री साडेअकराला मी दादाला फोन लावला. एवढ्या रात्री फोन म्हणजे कुणीतरी गेलं, असं वाटून तो धडपडत उठला आणि मी ओरडले, "दादा, गॅमॅक्सिन खाणारे जंतू आहेत!" पलीकडे शांतता. मग हळूच, "तू बरी आहेस ना?"

बरी कसली! सापडलंय ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय झोप येईना. आणि दादाशिवाय सांगणार कुणाला? गॅमॅक्सिनचा तो पत्र्याचा डबा आम्हा दोघांचाच. झाकणाला खिळ्यानं पाडलेली भोकं, मुंग्या लागल्या की उंबऱ्याशी आईनं ओढलेली राखाडी रेघ, आणि तो कुबट वास, दोन दिवस नाकातून न जाणारा. उसाला हुमणी लागली की आबा याचंच थोरलं भावंड, बीएचसी पावडर, पोत्यानं आणायचे आणि सरीत टाकायचे. हातानं!

तर ही बीएचसी म्हणजे सहा कार्बनचं कडं आणि प्रत्येक कार्बनला एकेक क्लोरीन. मायकल फॅरेडेनं ती १८२५ मध्येच बनवली होती. पण तिनं किडे मरतात हे कळायला १९४० चं दशक उजाडलं. आणि मारतो कोण? क्लोरीन कसे बसलेत त्यावरून या रेणूची वेगवेगळी रूपं होतात. त्यातलं एकटं 'गॅमा' कामाचं. तेच शुद्ध केलं की लिंडेन. पण कारखान्यातल्या मिश्रणात ते असतं जेमतेम दहा-बारा टक्के. म्हणजे एक टन लिंडेनमागे आठ ते बारा टन नुसता गाळ! तो कुठं गेला? कारखान्यामागच्या खड्ड्यात, गावाच्या कडेला. लखनौजवळच्या उम्मारी गावात असाच ढीग आहे. जगभरात मिळून चाळीस ते सत्तर लाख टन. भारतानं बीएचसीवर १९९७ मध्ये बंदी घातली; ढीग काही बंदी वाचत नाहीत.

आता ऐका. जपानमध्ये एक प्रयोगाचं शेत होतं, तिथं बारा वर्षं दरसाल हेच विष मारलं. त्या मातीतून एक जिवाणू निघाला, त्याच विषावर पोट भरणारा! तसाच एक फ्रान्समध्ये. आणि तिसरा? तिसरा भारतात, उसाच्या मुळांभोवतीच्या मातीत! स्फिंगोबियम जॅपोनिकम, स्फिंगोबियम फ्रान्सेन्स आणि आपलं स्फिंगोबियम इंडिकम. हे वाचलं आणि मी खुर्चीतून उठलेच. उसाच्या मुळाशी! आबा ज्या सरीत पोती रिकामी करत होते, तसल्याच एखाद्या सरीत कुणीतरी जेवायला बसलं होतं.

यांचं पहिलं हत्यार म्हणजे 'लिनए' नावाचं एन्झाइम. ते रेणूतून एक क्लोरीन आणि शेजारचा एक हायड्रोजन जोडीनं उपटतं. गॅमात तीन क्लोरीन उभे आणि तीन आडवे, त्यामुळे उभ्याला धरता येतं. पण बीटा रूपात सहाच्या सहा आडवे, कड्याच्या पातळीत घट्ट बसलेले. पकडायला काही वर येतच नाही. म्हणूनच बीटा सगळ्यांत चिवट. तिथं दुसरं एन्झाइम लागतं, 'लिनबी'. ते पाणी वापरून क्लोरीन काढतं.

आणि इथं माझी झोप उडाली. जपानमधल्याच दोन जातींतलं लिनबी. दोन्हींत २९६ अमिनो आम्लांची माळ, फरक फक्त सात मण्यांचा. एकीचं लिनबी बीटाचा एक क्लोरीन काढून थांबतं, दुसरीचं पुढचाही काढतं. सात मणी! मग शास्त्रज्ञांनी पहिल्या माळेतले मोजके मणी मुद्दाम बदलले, तर तीही पुढचा क्लोरीन काढायला लागली. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. घरात सगळे झोपलेले म्हणून नाही वाजवल्या.

२०१६ मध्ये चिनी संशोधकांनी तर कमालच केली. मातीतल्या स्युडोमोनस पुटिडा या निरुपद्रवी जिवाणूत लिंडेन पचवायची सगळी जनुकं बसवली, शिवाय मिथाइल पॅराथिऑन या दुसऱ्या कीटकनाशकाचीही. प्राणवायू नीट मिळावा म्हणून दुसऱ्या एका जिवाणूचं हिमोग्लोबिन दिलं आणि मातीत काम चाललंय का ते दिसावं म्हणून हिरवं चमकणारं प्रथिन! क्लोरीन शेवटी क्लोराइड होऊन बाहेर पडतो, आपल्या मिठात असतो तोच.

बाटलीतलं यश मातीत टिकेलच असं नाही, एवढं मलाही कळतं. तिथले जुने रहिवासी उपऱ्याला सहज जागा देत नाहीत. आपल्याकडच्या संशोधकांनी इंडिकम मातीत सोडताना तो मक्याची दाणे काढलेली कणसं दळून त्या भुग्यावर बसवला होता. हे ऐकून दादा पहिल्यांदा पूर्ण जागा झाला.

"आणि पावडर संपल्यावर खातात काय?"

"दुसरं अन्न असतंच. पण पावडरीशिवाय वाढवलं की ही जनुकं पुष्कळदा गळूनच जातात."

"बरोबर आहे. बैल विकल्यावर कासरा कोण सांभाळतो?" थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "अगं, आपला डबा अजून माळ्यावर आहे."

"झाकण उघडू नकोस," मी म्हटलं. "रविवारी येते."