भिलाईची झड आणि मामांची सायकल

नागपूरहून हावड्याकडे जाणारी गाडी दुर्ग सोडते आणि पाठोपाठ भिलाई नगर, भिलाई पॉवर हाऊस अशी स्टेशनं लागतात. मी पहिल्यांदा इथे उतरले ती 1986 च्या जुलैत, मामांकडे. तेव्हा हा मुलूख मध्य प्रदेशात होता. छत्तीसगड राज्य झालं ते 1 नोव्हेंबर 2000 ला. पाऊस मात्र तेव्हाही असाच होता.

मुंबईचा पाऊस कोसळतो, दम घेतो, पुन्हा कोसळतो. इथला तसा नाही. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला, की दोन-दोन, तीन-तीन दिवस संततधार. विदर्भात याला झड म्हणतात, इथली माणसं झड़ी म्हणतात. आमची मामी वर्ध्याची. ती खिडकीशी उभी राहून म्हणायची, "पाऊस पडूनच राहिला बाई, अन् हे ड्युटीवर निघून राहिले!"

निघावं तर लागायचंच. सोव्हिएत रशियाशी 1955 साली करार होऊन उभा राहिलेला हा पोलाद कारखाना. 1959 साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली. भट्टी एकदा पेटली की पावसासाठी थांबत नाही. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. शिफ्ट बदलताना सेंट्रल एव्हेन्यूवर सायकलींचा लोंढाच लोंढा. काळे रेनकोट, डोक्यावर पॉलिथिनच्या पिशव्या, मधूनच एखादी खुमरी. खुमरी म्हणजे इथल्या गुराख्यांची बांबूची रुंद टोपी, आपल्या इरल्याची धाकटी बहीणच म्हणा ना.

मामांनी तेव्हा एक चूक केली होती. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात हॅण्डल. वाटेत रूळ ओलांडायचे होते. ओले रूळ तिरके ओलांडले, पुढचं चाक घसरलं, आणि एका हाताने ब्रेक तो किती लागणार! मनगट मोडलं. मागून ट्रक येत नव्हता, एवढंच नशीब. मामी सहा आठवडे त्यांच्या शर्टाची बटणं लावत होती आणि रोज एकदा तरी त्या छत्रीचा उद्धार करत होती.

त्यानंतर मामा पावसाबाबत अगदी कर्मठ झाले. रूळ ओलांडायचे तर काटकोनात, नाहीतर सरळ उतरून. लोखंडी झाकणं आणि रस्त्यावरचे रंगवलेले पट्टे टाळायचे. जुन्या सायकलींची रिम पोलादी, ओली झाली की ब्रेकचे रबर तिच्यावर नुसते सरकतात; थांबायला दुपटीहून जास्त अंतर लागतं. म्हणून मामा चौक यायच्या बऱ्याच आधीपासून ब्रेक हलके दाबून रिमचं पाणी पुसून घेत. डबक्यातून तर कधीच जात नसत. खाली खड्डा आहे की उघडं गटार, कुणाला ठाऊक?

रात्रपाळीला आणखी एक घोटाळा. टायरवर फिरणारा डायनमो ओल्या टायरवर घसरायचा आणि दिवा नेमका अंधारात मान टाकायचा. मामांनी कॅरियरला बॅटरी बांधली, मागच्या मडगार्डचा पांढरा पट्टा दर पावसाळ्यापूर्वी नव्याने रंगवला. आता स्वस्तात लुकलुकणारे लाल दिवे मिळतात. घरातल्या प्रत्येक सायकलला एक असावाच.

कोरडं राहण्याचं खातं मामीकडे. लांब झग्यासारखा रेनकोट तिने बाद केला, कारण त्याचा घोळ चेनमध्ये जातो. आखूड कोट, वेगळी पॅण्ट, पायाशी रबरबँड. डोक्यावरची टोपी अशी घट्ट की मान वळवली तर तीही वळेल. नाहीतर मागचं दिसायचं कसं? कोरडे कपडे आणि मोजे दोन पिशव्यांत, एकीत एक. आणि घरी आल्यावर माणसाआधी सायकल पुसायची, चेनला दोन थेंब तेल. (माणसाला चहा नंतर, हे मामांना कधीच पटलं नाही.)

विजेचं मात्र दोघांनाही भय. छत्तीसगडात दर पावसाळ्यात वीज पडून माणसं दगावतात. रबरी टायर वाचवतात हा निव्वळ गैरसमज. गडगडाट ऐकू आला की झाडाखाली नव्हे, पक्क्या इमारतीत जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी बाहेर पडायचं नाही. त्यापायी एकदा मामांची हजेरी हुकली. त्याचं त्यांना काडीचंही वाईट वाटलं नाही.

गेल्या जुलैत पुन्हा गेले. मामा निवृत्त होऊन रिसालीत राहतात. शिफ्टला आता मोटारसायकलींची गर्दी. हरेली जवळ आली होती, म्हणजे आपली दिव्याची अवस. या दिवशी इथली पोरं बांबूच्या गेडीवर चढून चिखलातून चालतात. पाय न भिजवण्याची ही युक्ती सायकलीहून कितीतरी जुनी.

सकाळी झड लागलेलीच होती. नातू शाळेला निघाला, पाठीवर पिशवीत गुंडाळलेलं दप्तर. मामा व्हरांड्यातून ओरडले, "अरे, ब्रेक आधीपासून दाबत जा!" त्याने मान न वळवता हात हलवला.

"हात कशाला सोडतो रे हॅण्डलचा!" आतून मामी.