तरुणाच्या पाठीमागची वृद्धा

अल्ब्रेख्त ड्यूररने १५०७ साली ज्या फळीवर एका तरुणाचे शांत, सतेज व्यक्तिचित्र रंगविले, त्याच फळीच्या पाठीवर त्याने लोभाची मूर्ती साकारावी, या योजनेने आज दिवसभर माझे चित्त व्यापले आहे. सुरकुतलेली, दात पडलेली, एक शिथिल स्तन उघडा असलेली ती वृद्धा सुवर्णमुद्रांची थैली हाती धरून हसते. केस मात्र अजून लांब, सोनेरी. दुर्गुण दाखवावयाचा तर तो जराजर्जर स्त्रीदेहावरच लादावा, हा त्या युगाचा अन्याय मला सलतो. तथापि यौवनाचा क्षय एवढेच ड्यूररला सुचवावयाचे होते, असे मला वाटत नाही. दौलतीची अभिलाषा त्याने कोणा परक्या सावकाराच्या माथी न मारता त्या निर्मळ मुखाच्याच पाठीशी उभी केली, आणि व्हिएन्नाच्या संग्रहालयात आजही ती दोघे एकाच फळीवर आहेत.