डब्यांखालच्या बातम्या

आमच्या घरी पेपर दोनदा वाचला जायचा. एकदा आला त्या सकाळी आणि दुसऱ्यांदा गणपतीच्या आधी आई स्वयंपाकघरातल्या फळ्या पुसायला काढी तेव्हा. मधले काही महिने त्याच्यावर डाळी-मसाल्यांचे डबे उभे असत. सकाळचा पेपर आजोबांचा. डब्यांखालून निघालेला माझा. निम्मा मथळा डब्याच्या गोल डागाने खाल्लेला, खालची बातमी तेलाने आरपार झालेली. उरलेलं मी पुरं करायचो.

ही सवय मला लावली ती स्कायलॅबने. अमेरिकेची ती अंतराळातली प्रयोगशाळा, वजन सुमारे 77 टन, 1973 साली वर सोडलेली. 1979च्या पावसाळ्यात ती खाली येणार होती आणि नेमकी कुठे, ते खुद्द नासाला सांगता येईना. पेपर रोज नवा अंदाज छापत. मी तोवर ती आमच्या वसईच्या वाडीत पाडून मोकळा झालो होतो. बावखलाच्या (वाडीतल्या तळ्याच्या) काठावर, म्हणजे बरोबर आमच्या आणि काकांच्या हद्दीवर. मग तलाठी छत्री सावरत येतो. पंचनामा. केळी उभ्या किती, आडव्या किती. सातबाऱ्यावर पीकपाहणीत भात, केळी, स्कायलॅब. इतर हक्कात अमेरिकेचं नाव. काका म्हणतात, निम्मी स्कायलॅब आमची. प्रकरण वसईच्या कोर्टात जातं आणि नासाचा साहेब दर तारखेला विरार गाडी पकडून येतो. उलटा, म्हणजे रिकाम्या गाडीतून सकाळी येतो, म्हणून त्याला वसईकरांचं दुःख कधीच कळत नाही.

प्रत्यक्षात 11 जुलैला ती हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडली. चारच दिवसांनी, 15 जुलैला मोरारजी देसाईंनी राजीनामा दिला आणि दिल्लीतलं सरकारही पडलं. आजीने दोन्ही बातम्या एका दमात ऐकल्या आणि विचारलं, "लागलं का रे कुणाला?"

पुढे बऱ्याच वर्षांनी वाचनात आलं, की ऑस्ट्रेलियातल्या एस्पेरन्स नावाच्या गावाने उघड्यावर कचरा टाकल्याबद्दल नासाला 400 डॉलर दंड ठोठावला होता. तो नासाने भरलाच नाही. 2009 साली एका अमेरिकी रेडिओ निवेदकाने श्रोत्यांकडून वर्गणी काढून भरला. वाचून मला चक्क असूया वाटली. एवढा सुंदर दंड माझ्या तलाठ्याला सुचला नव्हता!

पेपरांबद्दल माझी जुनी तक्रार हीच. बातमी रंगात आली, की ते दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच गावाला निघून जातात. मागे राहिलेल्यांनी काय करायचं?

ऑगस्ट 2006चं घ्या. 18 तारखेला माहीमच्या खाडीचं पाणी गोड झाल्याची हूल उठली आणि माणसं बाटल्या घेऊन धावली. पावसात नदीचं गोडं पाणी खाडीत मिसळलं, असं त्याचं साधं कारण सांगितलं गेलं, पण ऐकतो कोण! लगोलग वलसाडजवळच्या तिथलच्या समुद्राचीही तीच बातमी आली. इकडे माहीम गोड, तिकडे तिथल गोड आणि मधली आमची वसई खारटच. गुजरात मेलसारखा चमत्कारसुद्धा आमच्या स्टेशनावर न थांबता गेला. त्या काळात आम्ही टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसत असू, त्यामुळे हे जरा लागलंच.

दादरपासून उभ्याने तो पेपर वाचता वाचता मी उरलेलं काम हातात घेतलं. मीरा रोडपर्यंत अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर टँकरची रांग लागली होती. भाईंदरची खाडी ओलांडताना नायगावच्या मिठागरांत साखर पिकायला लागली. साखर म्हटली की कारखाना, कारखाना म्हटला की चेअरमन, चेअरमन म्हटला की दोन पॅनल. मिठागरात आयुष्य काढलेली माणसं निवडणुकीच्या जेवणावळी झोडू लागली. बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांना मुंग्या लागल्या. आणि आमच्या आत्याने डॉक्टरांना फोन करून विचारलं, मधुमेहवाल्याने सुकट खाल्ली तर चालेल का? एवढ्यात वसई आली आणि उतरणं हे पूर्ण लक्ष मागणारं काम असल्यामुळे कारखाना तिथेच सोडावा लागला.

सगळ्याच मथळ्यांना असं पुढे नेता येत नाही. 2007मध्ये बोरिवली-विरार मार्ग चौपदरी झाला, प्रवास सुखाचा होणार असं सगळीकडे छापून आलं, आणि मी खूप प्रयत्न करूनही सहा-सातच्या गाडीत ऐसपैस बसलेला विरारकर मला डोळ्यांसमोर आणता आला नाही. कल्पनेलाही काही मर्यादा असतात.

3 जुलै 2009ला मात्र पुन्हा जोर आला. चार नगरपरिषदा आणि भोवतालची गावं मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली. रात्री गावात झोपलेला शेतकरी सकाळी महानगरात उठला. गावं वगळा म्हणून मोर्चे निघाले. ती चीड खरी होती आणि तिची थट्टा मी करणार नाही. पण शेतातल्या बुजगावण्याचं काय? ते आता विनापरवाना होर्डिंग. बावखल म्हणजे जलतरण तलाव, सबब जीवरक्षक हवा. पहाटे आरवणाऱ्या कोंबड्याला आवाजाच्या नियमांची नोटीस आणि ती बजावायला आलेला कारकून दुपारी रश्शाची चव घेऊन परत.

1 ऑगस्ट 2014ला आम्ही ठाणे जिल्ह्याचे पालघर जिल्ह्याचे झालो. तो मथळा मी वाचला आणि घडी घालून ठेवला. फळ्यांवर तोवर प्लॅस्टिकच्या जाळ्या आल्या होत्या.

आता बातमी फोनवर येते आणि संध्याकाळपर्यंत बोटाखालून निसटते. तरी 2024च्या फेब्रुवारीत गाड्या वाहून नेणारी भाईंदर-वसई रो-रो बोट सुरू झाल्याचं वाचलं, तेव्हा मी फोन बाजूला ठेवला. जेट्टी वसई किल्ल्याजवळची. म्हणजे ती तेव्हा असती, तर मे 1739मध्ये किल्ला जिंकून परतीला निघालेल्या चिमाजी अप्पांची रांग इथेच लागली असती. सोबत पोर्तुगीज चर्चच्या घंटा, भीमाशंकरसारख्या देवळांत टांगायला न्यायच्या. खिडकीतला पोरगा विचारतो, हत्ती टेम्पोत धरायचा की ट्रकमध्ये? घंटा हातातल्या सामानात बसत नाहीत, त्यांचं वेगळं तिकीट. आणि सुट्टे द्या, मोहरा चालणार नाहीत. मागे स्कूटरवाले हॉर्न वाजवतायत, "ओ भाऊ, मोहीम बाजूला घ्या, बोट सुटतेय!"